दगडामागचा दिवा

आमच्या इंदिरानगराजवळील पांडवलेणीचा काळा बेसाल्ट प्रकाशाला वाट देत नाही. बांधकामातील ऑनिक्स मात्र सहसा कॅल्साइटचा असतो. पातळ कापल्यास त्यातून उजेड झिरपतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात (१९६३) खिडक्यांऐवजी सुमारे सव्वा इंच जाडीच्या संगमरवरी फरश्या आहेत. त्यांतून मंद उजेड येतो आणि दुर्मिळ ग्रंथांना ऊन बाधत नाही.

निवृत्तीनंतर घराचे नूतनीकरण करताना आम्ही स्नानगृहाची एक भिंत अशीच उजळविली. रात्री उठणाऱ्या वृद्ध आईचे डोळे दिपू नयेत, हा हेतू. दीड वर्षात अर्धी भिंत अंधारली. एलईडी पट्ट्यांना वीज पुरविणारा ड्रायव्हर कारागिराने दगडामागेच बुजविला होता. फरशी फोडावी लागली आणि तशा शिरांचा दगड पुन्हा मिळाला नाही. त्या काळोख्या पंधरवड्यात आई दाराशी अडखळली, सुदैवाने सावरली.

म्हणून वाचकांना सांगावेसे वाटते : ड्रायव्हर स्नानगृहाबाहेर, हाताशी येईल असा ठेवावा. पट्ट्या किमान आयपी ६५ दर्जाच्या असाव्यात. दिवे व दगड यांत अंतर आणि दुधी ॲक्रिलिक असावे. अन्यथा ठिपके दिसतात. विजेच्या जोडणीवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवाच. ऑनिक्सला ॲसिड लावू नये, तो झिजतो.

बँकेत कर्ज मंजूर करण्यापूर्वी आम्ही परतफेडीचा मार्ग पाहत असू. भिंतीत दिवा बसविण्यापूर्वी दुरुस्तीचा मार्ग पाहावा, हे मात्र मला उशिरा उमगले.