बागेंतील जुन्या वस्तूंस उरलेल्या रंगाचा उजाळा

घरास रंग देऊन झाला म्हणजे माळ्यावर दोन-तीन अर्धवट डबे हटकून उरतात; आणि अंगणांत पाहावें तों सिमेंटचा बगळा, मातीच्या कुंड्या, लोखंडी बांक हीं उन्हापावसानें विटून गेलेलीं असतात. या दोहोंची गांठ घालून दिल्यास फारशा खर्चावांचून बाग पुन्हा शोभिवंत होते. परंतु दिवाळींत दिलेला रंग पुढील श्रावणांत पापुद्रे होऊन गळूं लागतो, अशी पुष्कळांची तक्रार असते. दोष बहुधा रंगाचा नसून त्याच्या खालच्या पृष्ठभागाचा असतो.

मातीची कुंडी सच्छिद्र असते. आंत घातलेलें पाणी तिच्या भिंतींतून झिरपत बाहेर येतें. बाहेरून तेलरंगाचा जाड थर दिला कीं ही वाट बंद होते, पाण्याबरोबर आलेले क्षार थराच्या मागें सांचतात, आणि थर फुगून सुटतो. म्हणून कुंडीस पाण्यांत कालवावयाचाच रंग द्यावा; तोहि ती रिकामी करून, धुऊन, कित्येक दिवस उन्हांत वाळविल्यावर. नव्या सिमेंटमध्यें तीव्र अल्क असल्यामुळें त्यावर तेलरंग दिल्यास त्यांतील तेलाचा अक्षरशः साबण होतो. जुन्या बगळ्यास ही भीति कमी. तेथें शेवाळें खरडून काढलें म्हणजे झालें. लोखंडाचा गंज मात्र मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो व वरचा रंग उचलून फेकतो. तो निघाल्यावांचून रंग देणें म्हणजे रंग फुकट घालविणें होय.

येथें पालकांस एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. वस्तु फार जुनी असेल, तर तिच्यावरील थरांत शिसें असण्याचा संभव असतो. पूर्वीचा सफेदा आणि लोखंडास देत असलेलें शेंदरी अस्तर हीं बहुधा शिशाचींच द्रव्यें. कित्येक पिवळे रंगहि शिशापासून करीत. त्या थराची धूळ पोटांत गेल्यास मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो, आणि अमुक इतकें शिसें निर्धोक, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेलाहि सांगतां आलेली नाहीं. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिसें दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असे २०१६ सालचे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आले. त्यापूर्वींचा डबा घरांत असल्यास त्याचा मोह सोडावा. जुना थर घट्ट असेल तर तो न खरवडतां, ओल्या फडक्यानें पुसून व वाळवून त्यावरच रंग द्यावा. खरवडणें भागच पडलें, तर वडील माणसानें नाकातोंडास फडकें न बांधतां धूळ रोखणारा मुखपट्टा लावून, पृष्ठभाग ओला ठेवून तें करावें. मुलांनीं रंगाचें काम खुशाल करावें, खरवडण्याचें नव्हे.

डब्यांतील रंगावर साय धरली असेल तर ती ढवळून आंत मिसळूं नये. अलगद काढून रंग जुन्या धोतराच्या तुकड्यांतून गाळावा. पाण्याच्या रंगास कुजकट वास येत असल्यास तो टाकाऊच समजावा. तेलाचा व पाण्याचा रंग एकत्र करूं नये, हें सांगणें नलगे. काम झाल्यावर उरलेला पाण्याचा रंग मोरींत किंवा विहिरीजवळ न ओततां वाळूंत कालवून पुरता घट्ट होऊं द्यावा.