बीटल कन्व्हर्टिबलची मागची सीट: काथ्या, स्प्रिंगा आणि खालची बॅटरी

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की लोक इंजिनाबद्दल विचारतात, फार तर रंगाबद्दल. सीटबद्दल कुणी विचारत नाही, आणि मागच्या सीटबद्दल तर नाहीच नाही. आज मी मुद्दाम एकाच गाडीची एकच सीट घेतली आहे. गाडी म्हणजे फोक्सवॅगन बीटल, तीही टप उघडणारी. हीच का? तर ही सीट चुकीची बांधली, तर गाडी पेटू शकते. अगदी शब्दशः.

आधी थोडी पार्श्वभूमी. उघड्या टपाची चार जणांची बीटल जर्मनीतल्या ओस्नाब्रुक गावी कारमान नावाच्या कारखान्यात तयार होत असे. १९४९ ते १९८० या काळात तिथे अशा ३ लाख ३० हजारांहून अधिक गाड्या बनल्या. टप काढलं की गाडीचा ताठपणा जातो, म्हणून कारमानने दारांखाली पोलादी पट्ट्या देऊन खालचा भाग मजबूत केला. आणि टपाचा सांगाडा घडी होऊन मागे बसायचा, तर त्याला दोन्ही बाजूंना जागा हवी. ती कुठून काढणार? मागच्या सीटच्या रुंदीतून. त्यामुळे या गाडीची मागची सीट साध्या बीटलपेक्षा अरुंद असते. साध्या बीटलचं तयार कव्हर आणून इथे चढवायला गेलात, तर कडेला चुण्या पडणारच. खरेदी करतानाच ‘कन्व्हर्टिबलचं’ असं स्पष्ट सांगून घ्या.

आता मुख्य मुद्दा. बीटलची बॅटरी इंजिनाजवळ नसते. ती मागच्या सीटखाली, उजव्या बाजूला, गाडीच्या तळावर ठेवलेली असते. म्हणजे तुम्ही मागे उजवीकडे बसता, तेव्हा बॅटरीच्या डोक्यावर बसता. सीटच्या खाली लोखंडी स्प्रिंगा. त्या वजनाने दबल्या आणि बॅटरीच्या धन टोकाला टेकल्या, तर काय होईल? सीटचा सांगाडा गाडीच्या पत्र्यावर बसलेला, आणि पत्रा जोडलेला ऋण टोकाला. सर्किट पूर्ण. मध्ये फ्यूज नाही. स्प्रिंगची तार काही क्षणांत लाल होते, आणि तिच्यावर काय असतं? काथ्या आणि घोड्याचे केस. चूल पेटवायला याहून चांगलं काय हवं? कुणी म्हणेल, जुन्या गाडीत ६ व्होल्टचीच बॅटरी, तिची कसली भीती. धोका व्होल्टचा नाही हो, करंटचा आहे. आणि स्टार्टर फिरवणारी कुठलीही बॅटरी तो भरपूर देते.

म्हणून फोक्सवॅगनने बॅटरीवर झाकण दिलं होतं. पण पन्नास वर्षांत ते बहुतेक गाड्यांतून हरवलेलं असतं. कुणी तिथे पुठ्ठा ठेवतो, कुणी काहीच नाही.

तर काम सुरू करताना पहिली गोष्ट: सीट जपून उचला आणि लगेच बॅटरीची ऋण तार सोडवा. बसायचा भाग सहज वर निघतो. खाली तळाचा पत्रा बघा. आम्ल सांडून, वाफा लागून तिथे गंज चढलेला असतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुतलं की उरलेलं आम्ल मरतं. पत्रा कुजला असेल तर सीटचं काम थांबवा आणि आधी वेल्डिंग करून घ्या. बॅटरीच हलत असेल, तर वरचं सगळं कौशल्य वाया.

मग कव्हर. सांगाड्याच्या कडेला पत्र्याचे छोटे दात असतात, त्यांत कापड अडकवलेलं असतं. ते पक्कडीने एकेक सरळ करायचे, हातमोजे घालून. जुनं कव्हर फाडू नका. शिवण उसवा, प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करा, डावा-उजवा लिहा. तोच तुमचा नमुना. आपल्याकडे रिक्षाची गादी शिवणारा चांगला कारागीर हे काम उत्तम करतो; फक्त त्याला अंदाजाने कापू देऊ नका. धागा पॉलिएस्टरचा घ्या. टप उघडं, ऊन थेट सीटवर. उन्हात नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर जास्त टिकतो आणि सुती धागा पाण्याने कुजतो.

स्प्रिंगांना मात्र वेळ द्या. गंज घासून काढा, रंग द्या, मोकळ्या झालेल्या स्प्रिंगा पुन्हा तारेने किंवा क्लिपने बांधा. तुटलेली स्प्रिंग वेल्ड करू नये. उष्णतेने त्या जागचं पोलादाचं पाणी उतरतं, मग ती तिथेच पुन्हा तुटते किंवा वाकून बसते. दुसऱ्या जुन्या सीटमधली काढून लावा. उजव्या बाजूच्या स्प्रिंगा दमलेल्या असतील तर सीट तिथे खोल जाते, म्हणजे नेमकी बॅटरीवर.

स्प्रिंगांवर जाड गोणपाट, त्यावर रबर मारलेल्या काथ्याची गादी, त्यावर कापसाचा पातळ थर, मग कव्हर. कोकणातल्या माणसाला काथ्या म्हणजे काय हे सांगायला नको. आज सगळे म्हणतात, काथ्या कशाला, फोम टाका. माझा याला विरोध आहे. उघड्या गाडीत पाणी येणारच. काथ्यातून ते निथळतं आणि वारा खेळतो. साधा फोम ते धरून ठेवतो, आणि खालच्या स्प्रिंगा गंजतात.

सगळं बांधून झालं की एक चाचणी. बॅटरीवर झाकण लावा, झाकणावर ओल्या मातीचा गोळा ठेवा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद. सीट बसवा. दोन वजनदार माणसं मागे बसवून जरा उसळी घ्यायला सांगा. मग सीट काढून मातीची जाडी बघा. बोटाएवढी उरली, तर ठीक. पापडासारखी चपटी झाली, तर स्प्रिंगा पुन्हा उघडा. मूळ मापापेक्षा उंच बॅटरी बसवली असेल, तर ती आधी बदला. ही चाचणी झाल्याशिवाय तार जोडू नका.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं: जुन्या बीटलमध्ये तो विशिष्ट वास येतो, नवीन काथ्या टाकला तर तो जाईल का?)

बराचसा जाईल. पण तुमच्या जुन्या गादीचा मधला भाग शाबूत असेल, तर तो टाकू नका. उन्हात वाळवून, झटकून, फक्त झिजलेल्या कडांना नवीन पट्टी जोडा. वास राहील. मात्र तो कुबट वाटला, तर सीट उचला आणि पत्रा बघा. तिथे पाणी साचलेलं असणार.