शिडी धरणाऱ्याचा गुन्हा

चोरी करणारा तो चोर, याबद्दल वाद नाही. पण भिंतीला लावलेली शिडी धरून उभा राहिलेला इसम "मी कुठं घरात शिरलो?" म्हणू लागला, तर त्याला सोडायचे काय? राष्ट्रांच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहिला. त्याची ही हकीगत.

३१ डिसेंबर २००३ रोजी खालेद अल्-मस्री हा जर्मन नागरिक बसने मॅसिडोनियाच्या सरहद्दीवर पोचला. पोलिसांनी संशयावरून त्याला अडवले आणि राजधानी स्कोप्ये येथील एका हॉटेलात २३ दिवस कोंडून ठेवले. ना वॉरंट, ना न्यायाधीश! मग विमानतळावर नेऊन त्याला अमेरिकेच्या सी. आय. ए.च्या हवाली केले. तिथेच त्याला मारहाण झाली, आणि डोळे बांधून विमानाने अफगाणिस्तानातल्या गुप्त तुरुंगात नेले. भलताच माणूस धरला हे उमगल्यावर मे २००४ मध्ये त्याला अल्बानियात एका रस्त्यावर सोडून दिले.

मॅसिडोनियाचे सरकार म्हणाले, असे काही घडलेच नाही. परंतु स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या १७ न्यायाधीशांनी १३ डिसेंबर २०१२ रोजी एकमताने त्या सरकारला दोषी ठरवले व ६०,००० युरो भरपाई द्यायला लावली. मारणारे हात परके असतील. पण भूमी तुमची, डोळ्यांदेखत पाहणारे अधिकारी तुमचे, आणि पुढे त्याच्या नशिबी काय आहे हे तुम्हाला कळायला हवे होते, असा निकालाचा आशय.

कायदा काय सांगतो? जिथे छळ होण्याचा सबळ धोका आहे, तिथे कोणालाही पाठवू नये, असे १९८४चा छळविरोधी करार सांगतो. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या २००१ च्या मसुद्याप्रमाणे दुसऱ्या राष्ट्राच्या बेकायदा कृत्याला जाणूनबुजून साह्य करणारे राष्ट्रही जबाबदार ठरते. 'जाणूनबुजून' हीच खरी मेख. म्हणून तर सरकारे "आम्ही विचारलेच नाही" म्हणतात!

कोणी म्हणेल, निरपराधांचे जीव घेणाऱ्यांना कसला आलाय कायदा? आपण मुंबईचेच उदाहरण घेऊ. २००८ च्या हल्ल्यात जिवंत सापडलेल्या कसाबला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील करता आले. मगच २०१२ साली फाशी झाली. त्याचा गुन्हा शाबीत झाला, याबद्दल आज आपल्या मनात शंका उरत नाही, ती या चौकशीमुळेच. अल्-मस्रीला एकदा जरी न्यायाधीशापुढे उभे केले असते, तर ती चूक तिथल्या तिथे उघडकीस येऊ शकली असती.