मत दिलं, मजुरी राहिली

बेकार माणसापुढे एक नोकरी ठेवा. पगार जेमतेम, कामाचे तास ठरलेले नाहीत आणि युनियनमध्ये जायला बंदी. दुसऱ्या बाजूला भाषणाचं, संघटनेचं, धर्माचं स्वातंत्र्य. दोन्हींपैकी एकच मिळणार असेल, तर तो काय उचलेल? मार्च १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात हा सवाल केला. तो नोकरीच उचलेल, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. तसं असेल तर मूलभूत हक्कांची यादी त्याच्या कामाची काय?

हे निवेदन म्हणजे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं लिहिलेलं, पण स्वरूप तक्रारअर्जाचं नाही. कलमं, पोटकलमं पाडून केलेला घटनेचा मसुदाच तो. आंबेडकर तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष झालेले नव्हते, ते झाले ऑगस्टच्या अखेरीस. त्यामुळे घटना त्यांच्या एकट्याच्या हाती असती तर कशी दिसली असती, हे पाहायचं असेल तर ही छोटी पुस्तिकाच उघडावी लागते. आपल्याकडे तिचं नाव भाषणांत खूप येतं. वाचली मात्र कमी जाते.

लिहिणारा माणूस कामगारांच्या प्रश्नाला नवखा नव्हता. १९३६ साली काढलेल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे त्यांनी मुंबई विधिमंडळात कोकणातली खोती मोडण्याचं विधेयक आणलं. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत जो संप झाला, त्यात ते कम्युनिस्टांबरोबर उभे होते. पुढे १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळलं. कारखान्यांतला कामाचा आठवडा ४८ तासांवर आला तो कारखाना कायद्याच्या १९४६ च्या दुरुस्तीनं. संप करणं आणि कायदा करणं, दोन्ही अंगांचा अनुभव गाठीशी असल्यामुळे कायद्याचं आयुष्य किती, याचीही त्यांना कल्पना होती. आज एका बहुमतानं केलेला कायदा उद्या दुसरं बहुमत फिरवतं. म्हणून कामगाराचं संरक्षण नेहमीच्या कायद्यात नको, घटनेतच हवं, हा त्यांचा आग्रह.

मसुद्यातल्या मागण्या आज वाचताना दचकायला होतं. कळीचे उद्योग सरकारच्या मालकीचे आणि सरकारनंच चालवलेले. विमा ही सरकारची मक्तेदारी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा. शेती हाही सरकारी उद्योग: जमिनी रोखे देऊन ताब्यात घ्यायच्या आणि जातपात न पाहता गावातल्या कुटुंबांच्या गटांना कसायला द्यायच्या. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूरही नाही. हे सगळं घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत. यातलं विम्याचं कलम १९५६ मध्ये, एलआयसीच्या रूपानं, बरंचसं उतरलंही. सामुदायिक शेती मात्र मला पटत नाही. एकाच सरकारी मालकाच्या दारात उभं राहिलेलं कूळ मोकळं झालं असतं, असं मानायला जगातला अनुभव आधार देत नाही.

त्यामागचं निदान मात्र अचूक आहे. सरकारचा हात बाजूला झाला की स्वातंत्र्य आलं असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती मोकळीक जमीनदाराला खंड वाढवायला आणि मालकाला कामाचे तास वाढवून मजुरी कापायला मिळते. खासगी मालकाची हुकूमशाहीच ती, असा त्या युक्तिवादाचा मथितार्थ.

निवडणुकीची कलमं याच निदानातून निघालेली आहेत. १९३२ च्या पुणे करारानं राखीव जागा दिल्या, पण शेवटचा कौल संयुक्त मतदारसंघाच्या हातात ठेवला. अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण, हे बहुसंख्य सवर्ण मतदार ठरवणार. गावात तर जो मजुरी देतो त्याचाच शब्द मतपेटीपर्यंत पोचतो, आणि न ऐकलं तर बहिष्कार. म्हणून निवेदनात स्वतंत्र मतदारसंघ आहेत, प्रौढ मताधिकार आहे, सामाजिक बहिष्काराला शिक्षा आहे, अस्पृश्यांच्या वेगळ्या वसाहतींची तरतूद आहे. मंत्रिमंडळाची कल्पना तर आपल्याला पार अनोळखी वाटेल: पंतप्रधान सगळ्या सभागृहानं संक्रमणीय मतपद्धतीनं निवडायचा, अल्पसंख्याकांचे मंत्री त्या त्या समाजाच्या आमदार-खासदारांनी निवडायचे आणि मुदत संपेपर्यंत सरकार पडायचं नाही. पक्षश्रेष्ठींच्या दारात मंत्रिपदासाठी रांगा लावणाऱ्यांनी हे कलम एकदा नजरेखालून घालावं.

पुढे काय झालं? नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीचे सदस्य के. टी. शहांनी घटनेत ‘समाजवादी’ शब्द घालायची दुरुस्ती मांडली, तेव्हा तिला विरोध आंबेडकरांनीच केला. समाजरचना कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी ठरवावं, घटनेनं त्यांचे हात बांधू नयेत, असं ते म्हणाले. दीड वर्षापूर्वीच्या भूमिकेशी हे उघड विसंगत आहे. मसुदा समितीचा अध्यक्ष बहुमताचा मसुदा मांडतो, स्वतःचा नाही, हे त्याचं एक कारण असावं. निकाल असा की मत कलम ३२६ मध्ये पक्कं झालं आणि निर्वाह वेतन कलम ४३ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत गेलं, जिथं न्यायालयात दाद मागता येत नाही.

याची किंमत महाराष्ट्र दर हंगामात मोजतो. गेल्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला, ऐन ऊसगाळपाच्या तोंडावर झालं. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेला बीडचा ‘कोयता’, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडी, तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात निघायच्या बेतात असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब नुसार मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवाल्यालाही. न देणाऱ्याला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. पण टनावर मजुरी घेणाऱ्या, कारखान्याच्या हजेरीपटावर नसलेल्या माणसाला भरपगारी सुट्टी द्यायची कुणी?

आणि कायद्याच्या आयुष्याची आंबेडकरांची शंका? २९ कामगार कायद्यांच्या जागी आणलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. कामगार कमी करण्याआधी सरकारची परवानगी घेण्याची अट पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला होती, ती आता तीनशेवर गेली. गिग कामगारांचा उल्लेख पहिल्यांदाच आला, हे चांगलंच झालं. पण दोन्ही गोष्टी साध्या बहुमतानं झाल्या आणि तशाच फिरवताही येतील.

घटनेत वाट अगदीच बंद नाही. शिक्षणही एकेकाळी मार्गदर्शक तत्त्वांतच होतं. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनं ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी ते कलम २१-अ मध्ये मूलभूत हक्क झालं. निर्वाह वेतनालाही तेच दार उघडता येईल, आणि कामासाठी गाव सोडलेल्याला आहे तिथून मत देण्याचा हक्क त्याच दुरुस्तीत मागता येईल. एकत्र निवडणुकांसाठी घटना बदलायचं विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत आलंच आहे. पुढच्या वेळी मत मागायला दारात येणाऱ्या उमेदवाराला तेवढं विचारा: घटना बदलायलाच निघाला आहात, तर कलम ४३ चं काय करणार?