पाणी कुठे मुरतंय?

बंगल्यातला ८ बाय ४ मीटरचा पोहण्याचा तलाव. पाणी एक सेंटिमीटर उतरलं, की ३२० लिटर गेलं. पण गळतीने की उन्हाने?

निवाडा बादली करते. तलावाच्याच पाण्याने भरलेली बादली पायरीवर ठेवायची. आत-बाहेर पातळी सारखी, दोन्हीकडे खूण. वाफ साधारण सारखीच होते. २४ तासांनी तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला, तर पाणी खरंच मुरतंय.

मग पंप बंद करून, पाणी स्थिरावल्यावर संशयित जागी गडद रंगाचा थेंब सोडायचा. दिव्याच्या खोबणीत रंगाची बारीक रेघ ओढली गेली, की चोर सापडला! भेग लहान असेल, तर पाण्याखालीही घट्ट होणारी इपॉक्सी पुटी पुरते. तलाव उपसायला नको, टँकरही वाचतो. जमिनीखालचा पाइप फुटला असेल, तर मात्र फरशी उकरावी लागते.