मदरबोर्ड बदलण्यापूर्वी…

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथे माझी बदली झाली, तेव्हा घरचा संगणक जुना झाला होता. त्याचा मदरबोर्ड व प्रोसेसर बदलून घेतले; हार्ड डिस्क मात्र जुनीच ठेवली. संगणक सुरू करताच पडद्यावर ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागितली गेली!

विंडोजमधील ‘बिटलॉकर’ डिस्कला कुलूप लावतो आणि त्याची किल्ली टीपीएम या सुरक्षा-चिपच्या हवाली करतो. जुन्या भागांबरोबर तीही गेली. बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली, तर लॉकर फोडता येतो. हे कुलूप फोडता येत नाही.

डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकण्याची तयारी तंत्रज्ञाने केली. परंतु तिच्यात दिवंगत वडिलांची छायाचित्रे होती. मी त्याला थांबविले. शोधाअंती ते ४८ अंक माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडले. प्रथम छायाचित्रांची प्रत काढली, मगच विंडोज नव्याने टाकले.

वाचकहो, मदरबोर्ड बदलण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य कराव्यात : ‘रिकव्हरी की’ कागदावर उतरवावी, महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र ठेवावी आणि विंडोजचा परवाना तपासावा. संगणकासोबत आलेला परवाना सहसा जुन्या मदरबोर्डशीच निगडित असतो.

ठेवीइतकीच किल्लीही जपावी लागते, हे आम्हा बँकवाल्यांना वेगळे सांगायला नको होते!