पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद

कोल्हापुरातली शाहूपुरी पेठ राजर्षी शाहूंनी 1895 मध्ये वसवली. गुळाचे रवे, तराजू आणि अडत्यांच्या चोपड्या ही तिची ओळख. त्याआधी 236 वर्षे, 28 डिसेंबर 1659 रोजी, कोल्हापूरच्या परिसरात आदिलशाही फौज आणि स्वराज्याची फौज समोरासमोर आली. आदिलशाही पावणेदोनशे वर्षांच्या घरात पोचलेली. पलीकडे रुस्तुमेजमान, रणदुल्लाखानाचा मुलगा, आणि सोबत बापाच्या, अफजलखानाच्या, सुडाने पेटलेला फाजलखान. अलीकडे एकोणतीस वर्षांचे शिवाजी महाराज.

आदिलशाही सरदार अफजलखान 10 नोव्हेंबरला महाराजांच्या हातून पडला, पन्हाळा किल्ला त्याच महिन्याच्या 28 तारखेला हाती आला. या वेगाचे कौतुक आपण करतोच. पण वेगामागची घडी मला अधिक मोलाची वाटते.

ती घडी बखरकार सभासदाने लिहून ठेवली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी, आणि सर्वांवर सरनोबत. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद! नाल निखळला की घोडा लंगडतो, आणि लंगड्या घोड्यावर गनिमी कावा होत नाही. वरच्या अधिकाऱ्यांबरोबर हिशेबाला मजुमदार आणि कारकून असत. दसऱ्यानंतर स्वारीला निघताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची यादी व्हायची. परतल्यावर झडती. जादा सापडले तर किंमत करून ते पगारात वळते. पगार रोख, सरकारातून; त्यामुळे शिपायाची निष्ठा जहागीरदाराकडे न जाता थेट राज्याकडे राही. फौजेत बायका, बटकी, कलावंतिणी न्यायला सक्त मनाई होती. ही शिस्त एका दिवसात बसली नाही, वर्षानुवर्षे घोटावी लागली.

घोडे कुठून आले? सभासदाच्या आकड्यांनुसार एकट्या अफजलखानाच्या छावणीत 4000 घोडे, 1200 उंट आणि 65 हत्ती हाती लागले. मुरलेल्या शत्रूने पोसलेली जनावरे नव्या राज्याच्या पागेत आली.

कोल्हापूरच्या लढाईत महाराजांनी रुस्तुमेजमान स्वतःच्या अंगावर घेतला आणि सरनोबत नेतोजी पालकरांना फाजलखानावर सोडले, असे शिवभारत हे काव्य सांगते. आदिलशाही फौज मोडली. रुस्तुमेजमानाचे मन या लढाईत पुरते नव्हते, असा संशय त्याच काळात होता. तो खरा धरला तरी विजयाचे मोल घटत नाही. शत्रूचे मन ओळखणे हाही तयारीचाच भाग आहे.

खरी कसोटी पुढेच होती. मार्च 1660 मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला आणि सप्टेंबरपर्यंत तो उठला नाही.

शाहूपुरीहून पन्हाळा वीसेक किलोमीटर. वेढ्यात गड आधी धान्यावर तगतो; म्हणून पुढच्या वेळी गडावर गेलात, तर आधी अंबरखान्यात जा. गंगा, यमुना, सरस्वती या धान्याच्या तीन कोठ्या मुलांना आतून दाखवा, मग तलवारींच्या गोष्टी सांगा.